रॅटलस्नेकच्या वाळवंटात हाइकला जाताना: ॲरिझोनात नव्याने आलेल्यांसाठी

फिनिक्स, चँडलर, टूसॉन या भागात राहायला आलात आणि शनिवार-रविवारी डोंगरांकडे वळायला लागलात, की आज ना उद्या रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीचे मणी वाजवणारा विषारी साप, दिसणार हे धरूनच चालावं. ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या 13 जाती आहेत. अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतक्या नाहीत. साउथ माउंटन असो, कॅमलबॅक असो, स्कॉट्सडेलचा मॅकडॉवेल भाग असो, सुपरस्टिशनचे कडे असोत की टूसॉनजवळचं सग्वारो नॅशनल पार्क, साप सगळीकडे आहेत. म्हणून हाइक सोडायची गरज मुळीच नाही. काही सवयी तेवढ्या अंगी बाणवाव्या लागतात.

चावे मुख्यतः दोन प्रकारे होतात. एक, न बघता हात किंवा पाय अशा जागी पडतो जिथे साप आधीपासून बसलेला असतो. दोन, साप दिसल्यावरही माणूस तिथून हलत नाही: फोटो काढायला वाकतो, काठीने डिवचतो, दगड मारतो, शेपटीला धरून बाजूला करायला जातो. रॅटलस्नेक माणसाच्या मागे धावत नाही. उंदीर, ससा, सरडा हे त्याचं खाणं. माणसावर विष खर्च करून त्याला काहीच मिळत नाही. त्यामुळे तुमची नजर तुमच्या हातापायांच्या आधी पोचली आणि तुम्ही त्याच्यापासून दोन-तीन मीटर लांब राहिलात, तर धोका जवळजवळ संपतो. पुढचं सगळं याच दोन गोष्टी साधण्यासाठी आहे.

सगळ्या अमेरिकेत वर्षाला साधारण 7 ते 8 हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यातले पाचेक दगावतात. भारतातल्या आकड्यांची सवय असलेल्यांना हे फारच कमी वाटेल. पण जीव वाचला म्हणजे सगळं निभावलं असं नसतं. हे विष चाव्याच्या जागचं मांस आणि रक्तवाहिन्या नासवतं. बोट कायमचं अधू होणं, महिनोन्महिने हात सुजलेला राहणं हे इथे घडतं. घोणस आणि फुरशाच्या चाव्याबद्दल ज्यांनी गावाकडे ऐकलं आहे त्यांना या विषाची कल्पना लवकर येईल, कारण तेही याच कुळातले. सह्याद्रीतला हिरवा चापडा तर आणखी जवळचा: डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे उष्णता टिपणारी खाच त्यालाही असते आणि रॅटलस्नेकलाही. त्या खाचेमुळे अंधारातही गरम रक्ताचं जनावर त्याला जाणवतं.

कधी आणि कुठे

सापाला अंगची उष्णता नसते, त्यामुळे त्याचं वेळापत्रक हवामान ठरवतं. हवा 21 ते 32 अंश सेल्सिअस, म्हणजे 70 ते 90 फॅरनहाइट असली की तो सर्वांत जास्त हिंडतो. मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात तो दिवसाउजेडी भेटतो, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर. जून ते ऑगस्टमध्ये जमीनच इतकी तापते की दिवसा तो बिळात किंवा दगडाखाली पडून राहतो आणि सूर्य मावळल्यापासून पहाटेपर्यंत बाहेर असतो.

नवे लोक नेमके इथे चुकतात. उन्हाळ्यात ऊन टाळायचं म्हणून आपण पहाटे पाचला किंवा सूर्यास्तानंतर निघतो, आणि तीच सापाची वेळ असते. ऊन टाळणं बरोबरच आहे, कारण या वाळवंटात उष्माघात सापापेक्षा कितीतरी जास्त माणसं मारतो. पण त्या वेळी निघायचं तर डोक्याला दिवा हवाच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी साप खडकांच्या कपारीत एकत्र थंडी काढतात. तेव्हाही निर्धास्त राहू नये. उबदार दुपारी ते कपारीच्या तोंडाशी उन्हाला येतात. 15 जून ते 30 सप्टेंबर हा इथला मान्सून, आणि त्याच सुमारास, जुलै ते सप्टेंबर, पिल्लं जन्मतात. रॅटलस्नेक अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, आई त्यांच्यापाशी थांबते. म्हणून पावसाळ्यात एक साप दिसला तर आजूबाजूला आणखी आहेत असं समजावं. पिल्लू जेमतेम वीतभर-दीड वीत असतं. त्याच्या शेपटीला एकच मणी असतो, त्यामुळे आवाज येत नाही. विष मात्र जन्मापासून असतं. पिल्लाला विष आवरता येत नाही म्हणून ते मोठ्या सापाहून घातक, असं इथे बरेच जण सांगतील. ते खरं नाही. मोठा साप कितीतरी जास्त विष टोचतो.

साप बसतो कुठे? क्रिओसोट झुडपाच्या बुडाशी, जिथे सावलीचा लहानसा गोल पडतो. कोरड्या ओढ्यांच्या, म्हणजे इथल्या वॉशच्या, काठावरच्या पालापाचोळ्यात. गार सकाळी थेट वाटेवर, ऊन खात आडवा. उन्हाळी रात्री पार्किंगच्या डांबरावर, कारण ते उशिरापर्यंत गरम राहतं. आणि पॅकरॅट नावाच्या रानउंदराच्या घरट्यात. हे घरटं ओळखायला शिका. फड्या निवडुंगाच्या किंवा मेस्किट झाडाच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीचा कचऱ्याचा ढीग दिसतो: काटक्या, चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे, वाळलेलं शेण, मधेच एखादं बाटलीचं झाकण. ढिगाला खालच्या बाजूने मुठीएवढी भोकं असतात. उंदीर त्या भोकांतून ये-जा करतो आणि रॅटलस्नेक भोकाच्या तोंडाशी वेटोळं घालून तासन्‌तास त्याची वाट बघत बसतो. तो ढीग दिसला की वळसा घालून जा. त्याच्याशेजारी बसून डबा उघडू नका.

ओळख, पुरेशी तेवढीच

नवख्याला 13 जाती पाठ करायची गरज नाही. अंतर सगळ्यांपासून सारखंच ठेवायचं. तरी तीन-चार माहीत असाव्यात. सर्वांत जास्त भेटतो आणि सर्वांत जास्त चावतो तो वेस्टर्न डायमंडबॅक. तो साधारण तीन-चार फूट लांब, मातकट असतो आणि पाठीवर शंकरपाळ्यांच्या आकाराची पुसट नक्षी असते. खुणेची जागा शेपटी: मण्यांच्या लगेच वर काळे आणि राखी-पांढरे पट्टे, जवळपास सारख्या रुंदीचे. हेच पांढरे पट्टे काळ्यांपेक्षा स्पष्ट रुंद असतील आणि अंगावर हिरवट झाक असेल तर तो मोहावी (Mojave) रॅटलस्नेक. तो सपाट, क्रिओसोटच्या माळांवर राहतो आणि त्याच्या विषात मज्जासंस्थेवर हल्ला करणारा घटक असू शकतो. साउथ माउंटनच्या खडकांत स्पेकल्ड रॅटलस्नेक असतो. त्याचा रंग ज्या दगडावर तो बसतो त्या दगडासारखाच, त्यामुळे तो नजरेला सापडणं सर्वांत कठीण. टूसॉनकडच्या खडकाळ उतारांवर लहान डोक्याचा टायगर रॅटलस्नेक भेटतो. त्याचं विष थोडं पण अतिशय जहाल.

आग्नेय ॲरिझोनाच्या डोंगरांतला छोटा रिजनोज्ड रॅटलस्नेक 1986 पासून राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. नॅशनल पार्कात तर कुठलाच साप मारता येत नाही.

शेपटीचे मणी मोजून वय कळत नाही. प्रत्येक कातीबरोबर एक मणी वाढतो, पण कात वर्षातून अनेकदा टाकली जाते आणि जुने मणी तुटून पडतात. बिनविषारी गोफर स्नेक मात्र पुष्कळांना फसवतो. तो फुत्कारतो, डोकं चपटं करतो, शेपटी पाचोळ्यात आपटून तसाच आवाज काढतो. त्याची शेपटी टोकाशी निमुळती होत जाते, मणी नसतात. पण ते बघायला जवळ जाऊ नका.

निघण्यापूर्वी

सह्याद्रीत फ्लोटर्स घालून गड चढायची सवय असेल तर इथे ती सोडा. घोट्याच्या वर येणारे बूट आणि बुटांवर उतरणारी सैल, लांब पँट घाला. कापड सैल असलं की दात पुष्कळदा कापडातच अडकतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाच्या अवयवाचा नमुना म्हणून भरलेल्या हातमोज्यांवर सापांना दंश करू दिला. डेनिम चढवल्यावर आत गेलेलं विष जवळपास दोन तृतीयांशाने कमी झालं. उन्हाळ्यात जीन्स सोसवणार नाही, पण हलक्या कापडाची ढगळ हायकिंग पँट तंग शॉर्ट्सपेक्षा केव्हाही बरी. सापांपासून बचावाचे, पोटऱ्यांवर बांधायचे जाड गेटर वाट सोडून झाडोऱ्यात जाणाऱ्यांनी घ्यावेत. नेहमीच्या ट्रेलवर त्यांची गरज नाही.

दोन ट्रेकिंग काठ्या घ्या. झुडूप बाजूला करायला आणि पुढची जागा ठोकून बघायला हाताऐवजी काठी पुढे जाते. हेडलॅम्प किमान 200 ल्युमेनचा असू द्या. फोनच्या टॉर्चचा झोत जेमतेम पायापाशी पडतो आणि एक हातही अडकतो. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एक बॉलपेन किंवा मार्कर. तो का, ते पुढे येईल.

फोन पूर्ण चार्ज करा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. 1-800-222-1222 हा पॉइझन सेंटरचा, म्हणजे विषबाधेवर फोनवर सल्ला देणाऱ्या केंद्राचा, क्रमांक साठवून ठेवा. तो देशभर चोवीस तास मोफत चालतो आणि दुभाषा मागता येतो. डोंगरामागे रेंज जाते. आयफोन 14 किंवा त्यापुढचा असेल तर उपग्रहावरून मदत मागायची सोय घरीच एकदा वापरून बघा, फोनच्या सेटिंग्जमध्ये तिचा डेमो असतो. कुठल्या ट्रेलहेडवरून (वाट सुरू होते त्या जागेवरून), कुठल्या वाटेने आणि कितीपर्यंत परत, हे घरी कुणाला तरी सांगून निघा.

सक्शन किट, ब्लेड आणि दोरी मात्र सामानात नकोत. दुकानात ते सर्पदंशाचं किट म्हणून मिळतं. त्याने विष बाहेर येत नाही. जखम वाढते आणि वेळ जातो.

आई-बाबा भारतातून राहायला येणार असतील तर एक काम विमान सुटण्याआधीच करा: त्यांच्या प्रवासी विम्याची कागदपत्रं नीट वाचा. इमर्जन्सी रूम, ॲम्ब्युलन्स आणि रुग्णालयातली औषधं यांची मर्यादा किती आहे ते बघा. इथल्या प्रतिविषाची एकेक कुपी हजारो डॉलरला पडते आणि एका रुग्णाला अनेक लागतात. पन्नास हजार डॉलरची पॉलिसी अशा वेळी तोकडी पडू शकते. मंडळी बहुधा मार्च ते ऑक्टोबर याच महिन्यांत येतात, चपला घालून संध्याकाळी फिरायला निघतात, आणि नव्या वसाहतींच्या कुंपणाला लागूनच वाळवंट असतं. त्यांनाही बूट आणि टॉर्चची सवय लावा.

चालताना

नजर दोन-तीन मीटर पुढच्या वाटेवर ठेवा. आजूबाजूचं बघायचं तर थांबून बघा, चालायचं तर वाटेकडे बघा. कानात इअरफोन नकोत, एका कानातही नको. वाटेच्या मधून चाला. दोन्ही बाजूंची झुडपं अंगाला घासत असतील तिथे आधी काठी घाला. पाय आपटत गेलं की साप पळून जातात, ही समजूत इथे अर्धीच खरी आहे. जमिनीची थरथर त्याला कळते, पण रॅटलस्नेकचा पहिला बचाव म्हणजे न हलता पडून राहणं. तुम्हाला तो दिसलाच नाही तर त्याचं काम झालं.

हातांनी चढायच्या जागा सर्वांत धोक्याच्या. कॅमलबॅकवर किंवा सुपरस्टिशनमध्ये खडकाच्या वरच्या टप्प्याला हात घालून अंग उचलावं लागतं. तो टप्पा दिसत नसेल तर हात घालू नका. एक पाऊल वर चढून बघा, काठीने ठोका, नाहीतर बाजूची वाट घ्या. बोटांना झालेला चावा पायाच्या चाव्यापेक्षा पुढे जास्त त्रास देतो, कारण बोटात सुजायला जागाच नसते.

आडवं पडलेलं लाकूड किंवा धोंडा एका ढांगेत ओलांडू नका. आधी त्यावर पाय ठेवा, पलीकडे वाकून बघा, मग उतरा. बसण्याआधी दगडाच्या चारी बाजू आणि खालची फट बघा. सॅक जमिनीवर ठेवली असेल तर उचलण्यापूर्वी काठीने हलवा. लघवीला वाटेपासून लांब, झुडपाच्या अगदी आडोशाला जायची सवय, विशेषतः बायकांची आणि मुलांची, इथे घातक आहे. उघडी जागा निवडावी आणि बरोबरच्यांनी पाठ करून उभं राहावं. रात्री मुक्काम असेल तर तंबूची चेन कायम बंद ठेवा आणि बूट तंबूच्या आत घ्या. तंबूभोवती दोरखंड टाकणं, डांबराच्या गोळ्या पसरणं, गंधक टाकणं यातल्या कशानेही साप अडत नाही.

मुलं दोन मोठ्यांच्या मधे चालवा. त्यांना घरीच शिकवा: "थांब" म्हटलं की पाय जागच्या जागी आणि हात छातीशी. दोन-चार वेळा खेळ म्हणून करून घ्या. ऐन वेळी हे शिकवता येत नाही.

कुत्र्याचा पट्टा सहा फुटांपेक्षा लांब सोडू नका. कुत्रा हुंगायला जातो, त्यामुळे चावा तोंडावर बसतो. चावलाच तर उचलून गाडीपर्यंत न्या आणि निघतानाच पशुवैद्याला फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा, सगळ्यांकडे नसतं. माणसाची वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. फिनिक्स शहराच्या ट्रेलवर 100 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमान असताना कुत्रे नेताच येत नाहीत.

आवाज आला किंवा साप दिसला

तो आवाज खुळखुळ्यासारखा सुटासुटा नसतो. प्रेशर कुकरच्या शिटीखालून वाफ सुटावी तसा सलग, कोरडा आणि एकदम सुरू होणारा असतो. उन्हाळ्यात मेस्किटवरचे सिकाडा किडे थोडे तसेच वाजतात. फरक हा की त्यांचा आवाज वरून, झाडातून येतो. शंका आली तर साप समजूनच थांबा. आणि आवाज न करता बसलेले सापही पुष्कळ असतात. आवाज नाही म्हणजे साप नाही, असा हिशेब करू नका.

1. जागच्या जागी थांबा. उडी मारू नका, पळू नका. साप नक्की कुठे आहे ते कळण्याआधी उचललेलं पाऊल त्याच्यावरच पडू शकतं.

2. पाय न हलवता नजरेने शोधा. आवाजावरून अंतर ठरवू नका. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की माणूस जवळ येऊ लागला की रॅटलस्नेक आवाजाची गती अचानक वाढवतो आणि ऐकणाऱ्याला तो आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. माणूस दचकून भलतीकडेच पाऊल टाकतो ते यामुळे. बघा: पायाशी, वाटेच्या दोन्ही कडांना, झुडपांच्या बुडाशी, हाताच्या उंचीवरच्या कपारीत.

3. मागच्यांना शांत आवाजात सांगा: "साप, डावीकडे, थांबा." मागचा माणूस पुढे ढकलत येणार नाही इतकं नक्की करा.

4. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने एकेक पाऊल मागे या. ती वाट तुम्ही आत्ताच बघितलेली आहे. पाठ फिरवू नका, मागे दगड असेल तर काठीने चाचपा. साप स्वतःच्या लांबीच्या अर्ध्यापर्यंत, कधी त्याहून थोडा जास्त झेपावतो. चार फुटांचा साप दोन-अडीच फूट गाठू शकतो. त्याला एका सेकंदाचा दहावा भागही लागत नाही, म्हणजे तुम्ही बघून हात मागे घ्याल अशी आशाच नको. वेटोळं नसलेला सापही चावू शकतो. निदान सहा फूट, शक्य तर दहा फूट अंतर पडेपर्यंत मागे येत राहा.

5. आता थांबा. बहुतेक साप माणूस दूर गेला की दहा-पंधरा मिनिटांत झुडपात निघून जातात. वाट रुंद आणि मोकळी असेल तर दहा फुटांवरून वळसा घाला, चढाच्या बाजूने शक्य असेल तर उत्तम. पण वळशासाठी दाट झाडोऱ्यात शिरावं लागत असेल तर जाऊ नका; तिथे चोयाचे काटे तर आहेतच, दुसरा सापही असू शकतो. एका बाजूला कडा आणि मधे साप अशी अरुंद वाट असेल तर परत फिरा. शिखर पुढच्या आठवड्यातही तिथेच असतं.

6. दगड मारू नका, काठीने ढकलू नका. हुसकावलेला साप वेटोळं घालून तिथेच ठाण मांडतो आणि तुमच्या नंतर येणाऱ्यासाठी धोका वाढवून ठेवतो. समोरून येणाऱ्यांना जागा सांगा.

फोटो काढायचाच तर आहात तिथूनच, झूम करून. साप तुमच्या दिशेने सरकला तर तो हल्ला समजू नका. बहुधा तुमच्या मागची सावली किंवा बीळ त्याला हवं असतं. बाजूला व्हा आणि जाऊ द्या. मेलेल्या सापालाही हात लावू नका. मुंडकं तुटलेला साप तासाभरानंतरही चावू शकतो, ते मुंडकं आपोआप मिटतं आणि विषही टोचतं.

चावलाच तर

लगेच जाळ उठल्यासारखी आग होते, काही मिनिटांत सूज येते, दाताची एक किंवा दोन भोकं दिसतात, पुढे जागा काळीनिळी पडते. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, उलटी, स्नायू फुरफुरणं, चक्कर ही विष अंगभर पसरू लागल्याची लक्षणं. साधारण चौथ्या हिश्श्याच्या चाव्यांत विष उतरतच नाही, पण ते डोंगरावर ठरवता येत नाही. प्रत्येक चावा विषारी समजायचा.

सापापासून पंधरा-वीस फूट दूर जा आणि बसा. 911 ला फोन करा. मॅरिकोपा काउंटीत त्याच क्रमांकावर लेखी संदेशही जातो आणि कमी रेंजमध्ये तो लवकर पोचतो. ट्रेलचं नाव, वाटेवर खांब असेल तर त्यावरचा क्रमांक, चावल्याची वेळ आणि माणसाचं वय सांगा.

मग पहिलं काम दागिन्यांचं. चावा हाताला असेल तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ. पायाला असेल तर जोडवी, पैंजण, बूट आणि मोजे ताबडतोब काढा. अर्ध्या तासाने ते निघणार नाहीत आणि सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी रक्तपुरवठा तोडते. घट्ट बाही कापा. चावा झालेला हात किंवा पाय हृदयाच्या पातळीला आरामात टेकवून ठेवा, लोंबकळू देऊ नका. आता तो मार्कर: सूज जिथपर्यंत आली आहे तिथे कातडीवर रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा करा. सूज किती वेगाने चढते आहे हे डॉक्टरला या रेघांवरून कळतं आणि औषधाचा निर्णय लवकर होतो.

रेंज नसेल आणि दोघं असाल तर एकाने मदतीला जावं. एकटे असाल तर सावकाश, थांबत-थांबत ट्रेलहेडकडे चाला. तिथेच बसून राहण्यापेक्षा ते बरं. स्वतः गाडी चालवू नका, रक्तदाब अचानक कोसळून शुद्ध जाऊ शकते.

भारतात शिकलेले काही उपाय इथे उलटतात, म्हणून नीट वाचा. घट्ट दोरी बांधू नका. नाग-मण्यारीसाठी सांगितलं जाणारं दाबाचं क्रेप बँडेजही बांधू नका: त्या विषाने श्वास बंद पडतो म्हणून ते अडवून धरण्यात अर्थ असतो, रॅटलस्नेकचं विष मात्र जिथे अडकेल तिथलं मांस नासवतं. जखम कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, कसला लेप लावू नका. दारू देऊ नका. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, कारण विषामुळे रक्त गोठणं आधीच बिघडलेलं असतं. साप पकडून किंवा मारून नेऊ नका. इथलं प्रतिविष सगळ्या जातींच्या रॅटलस्नेकवर चालतं, जात ओळखण्याची गरज नाही.

रुग्णालयात दोनपैकी एक प्रतिविष देतात: मेंढीच्या रक्तापासून केलेलं क्रोफॅब, सुरुवातीला साधारण 4 ते 6 कुप्या, किंवा घोड्याच्या रक्तापासूनचं ॲनाविप, सुरुवातीला 10 कुप्या. सूज थांबली नाही तर आणखी. लहान मुलांनाही मात्रा तेवढीच असते, कारण मात्रा वजनावर नाही तर विषावर ठरते. डॉक्टरने विचारण्याआधी तीन गोष्टी सांगा: घोडा किंवा मेंढी यांची ॲलर्जी, पपईची ॲलर्जी, कारण क्रोफॅब बनवताना पपईतला पपेन वापरतात, आणि रक्त पातळ करणारी औषधं. आई-बाबांच्या गोळ्यांत वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची ॲस्पिरिन पुष्कळदा असते. गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो फोनमध्ये ठेवा. काहीच लक्षणं नसली तरी निदान आठ तास निरीक्षणाखाली ठेवतात; कंटाळून निघून येऊ नका.

घरी सोडल्यावर काम संपत नाही. रक्त गोठण्याचा बिघाड प्रतिविषाचा असर ओसरल्यावर परत डोकं वर काढू शकतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी आणि पुन्हा पाच-सात दिवसांनी रक्ततपासणी करायलाच हवी. हिरड्यांतून रक्त, काळी शी, कारण नसताना अंगावर निळे डाग, असं काही दिसलं तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. पहिल्या तीन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ आणि सांधेदुखी एकत्र आली तर ती प्रतिविषाची प्रतिक्रिया असू शकते. औषधाने ती बरी होते, पण डॉक्टरला कळवा. दोन आठवडे धक्काबुक्कीचे खेळ नकोत. दाताची किंवा दुसरी कुठली ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर पुढे ढकला, आणि साप चावला होता हे दंतवैद्यालाही सांगा.